सुमतीकाकूंचं मीठ

सुमतीकाकू खांबेट्यांनी श्राद्धपक्षाचे स्वयंपाक एकाएकी सोडले, तेव्हा डोंबिवलीत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की त्यांचे डोळे अधू झाले. डोळ्यांना काहीएक झालेलं नव्हतं. माझ्या ओट्यावर बसून तांदूळ निवडताना खडा त्या माझ्याआधी टिपायच्या. खरं कारण मला ठाऊक होतं, पण काकू होत्या तोवर मी तोंड उघडलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

त्रेपन्न सालची गोष्ट. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, स्टेशनाभोवती थोडी घरं आणि मग भातखाचरं. आमची चाळ सहा खोल्यांची, मागे सामाईक विहीर. काकूंची जागा कोपऱ्यातली, आमची तिला लागून. आम्ही ठाण्याचे कर्णिक, म्हणजे मासे खाणारे. माझ्याकडे बोंबील तळले की काकू खिडकी लावून घ्यायच्या. नुसती लावायच्या नाहीत, आपटायच्या. विहिरीवर माझी बादली त्यांच्या कळशीला लागली तर कळशी पुन्हा घासायच्या, आणि तीही मला दिसेल अशी. चार वर्षांच्या शेजारात मला त्यांनी उंबऱ्याच्या आत एकदाही घेतलं नव्हतं. काही मागायला गेले तर मी बाहेर उभी राहायची आणि त्या आतून हात लांब करून वस्तू द्यायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मीही काही गरीब गाय नव्हते. त्यांची एकादशी असली की मुद्दाम सुकटीची चटणी वाटायची.

पण एक गोष्ट मला मनातल्या मनात कबूल करावी लागे. काकू पंचविसाव्या वर्षी विधवा झाल्या तेव्हा त्यांचा मुलगा आनंद तीन वर्षांचा होता. गुहागरकडचं गाव सोडून त्या इकडे आल्या आणि लोकांकडे सोवळ्याचा स्वयंपाक करून त्यांनी मुलाला मॅट्रिक केलं. मुंज असो, श्राद्ध असो, ठाण्यापासून कल्याणपर्यंत जुन्या घरांतून त्यांना बोलावणं येई. सोवळ्याच्या स्वयंपाकात चव बघायची नसते. देवाच्या आणि पितरांच्या आधी कुणाच्या जिभेला लागलं की ते उष्टं. काकू आमटीवरचं झाकण बाजूला करायच्या, वाफ हुंगायच्या आणि म्हणायच्या, ‘‘चिमूटभर कमी आहे.’’ साठ पानांची आमटी, आणि सत्तावीस वर्षांत मीठ एकदाही चुकलं नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि वर माझ्याकडे बघून म्हणायच्या, ‘‘तुमच्यात काय, चाखतमाखत रांधतात. मग मीठ कुणालाही जमेल.’’

त्यांची सून हेमा कल्याणच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. वडील गार्ड होते. पोर हसरी, थोडी भित्री, आणि सासूला इतकी जपून की पाण्याचा तांब्या ठेवतानासुद्धा आवाज होऊ द्यायची नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा पोट पडलं. दुसऱ्या खेपेला काकू तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट महिनाभर त्यांनी तिला विहिरीवर जाऊ दिलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं होतं, म्हणून लक्षात आहे.

तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांना होतात, हिलाही होतायत म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग तिला पेज ठरेना. मग ताक ठरेना. तिसरा महिना संपत आला तेव्हा चमचाभर पाणी प्यायली तरी घमेलं लागायचं. गालफडं बसली, ओठांना भेगा पडल्या. आनंद सकाळच्या गाडीने मुंबईला कचेरीत जायचा आणि रात्री आल्यावर दारातूनच विचारायचा, ‘‘आज काही ठरलं?’’ उत्तर त्याला काकूंच्या तोंडाकडे बघून कळायचं.

काकूंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. आवळ्याचा मुरांबा, आल्याचा रस, भाताच्या लाह्या, डाळिंबाचे दाणे. रोज सकाळी सुनेच्या उशाशी बसून विचारायच्या, ‘‘हेमा, काय खावंसं वाटतं गं? काहीही सांग.’’ डोहाळे पुरवायचे राहिले तर पोटातल्या जिवाला लागतं, यावर त्यांचा पक्का विश्वास. हेमा नुसती मान हलवायची.

माघातल्या एका सोमवारी सकाळी डॉक्टर येऊन गेले. निघताना ते ओट्यावर थांबले. मी तिथेच होते. ते म्हणाले, ‘‘काकू, परवा बुधवारी सकाळपर्यंत हिच्या पोटात काही टिकलं तर ठीक. नाहीतर ठाण्याला न्यावं लागेल, आणि मग मुलाचा विचार करता येणार नाही. तिथेही तिला सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही. अंगात काही उरलेलं नाही तिच्या.’’

काकू आत गेल्या. मी नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभी. त्यांनी हेमाचे दोन्ही हात धरले आणि जवळजवळ ओरडल्याच, ‘‘अगं, सांग तरी! मी कुठूनही आणीन. तू सांगत का नाहीस?’’

हेमा रडायला लागली. म्हणाली, ‘‘आई, रागावणार नाही ना? मला रताळी हवीत.’’

‘‘मेले, रताळी? एवढंच? शिवरात्र आठवड्यावर आलीय, बाजार भरलाय रताळ्यांनी!’’

‘‘तशी नाहीत,’’ हेमा म्हणाली. ‘‘मेरीआंटी करायच्या तशी. चीज घालून, भाजलेली.’’

मेरीआंटी म्हणजे कॉलनीतल्या शेजारीण, डिमेलोबाई. हेमाची आई लवकर गेली, तेव्हा शाळेतून आलेल्या पोरीला ही बाई नाताळात आणि एरवीही खाऊ घालायची. हेमाने लग्नानंतर पाच वर्षांत या घरात ते नाव काढलं नव्हतं. काकूंचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, ‘‘वासंती, तुला कल्याणची कॉलनी ठाऊक आहे?’’

दुपारच्या गाडीने आम्ही दोघी गेलो. डिमेलोबाई जाड, गुडघ्यांनी अधू, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. काकू फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. ‘‘ये गो बाय, आत ये,’’ डिमेलोबाई म्हणत होत्या आणि काकू ‘‘इथेच बरी आहे’’ म्हणत होत्या. पण हेमाचं ऐकलं मात्र, त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लंगडत आत गेल्या आणि चीजचा एक निळा गोल डबा घेऊन आल्या. त्यांचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेला. सणाला फोडायचा म्हणून ठेवला होता.

‘‘रताली उकडू नको,’’ त्यांनी सांगितलं. ‘‘पानी धरतात. निखाऱ्यात भाज, सोल, कुस्कर. लोनी घाल, थोडं दूध, मिरी. अर्धं चीज आत, अर्धं वर. मग भट्टीत घाल, वर लाल होईस्तोवर. माझ्या पोरीला तो वरचा लाल पापुद्रा आवडतो.’’

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग डब्याकडे बोट करून विचारलं, ‘‘यात असतं काय?’’

डिमेलोबाई सरळ मनाच्या. ‘‘दूधच गो ते. फक्त दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं विरजन लावतात.’’

मला वाटलं, संपलं. काकू आता मागे वळतील आणि घरी जाऊन सचैल स्नान करतील. काकूंचा हात एकदा मागे आला खरा. मग त्यांनी पदर पसरला आणि म्हणाल्या, ‘‘यात घाला.’’ गाडीत तो पदर त्यांनी अंगापासून लांब धरला होता, पण सोडला नाही.

चीज खारट असतं, हे सांगायचं डिमेलोबाईंना सुचलंच नाही. जो ते खातो त्याला ते सांगावं लागत नाही. मीही जन्मात चीज खाल्लं नव्हतं. पण मी चाखून बघितलं असतं, हेही तितकंच खरं.

मंगळवारीही मी शाळेत रजा टाकली. मी तेव्हा तिसरीला शिकवायची. काकूंनी स्वयंपाकघरात हे करायचं नाही असं ठरवलं होतं. विहिरीमागे, माझ्या शेगडीवर, माझ्या पितळी पातेल्यात. मी म्हटलं, ‘‘काकू, तुम्ही सांगा, मी करते. तुम्हाला हात तरी लावावा लागणार नाही.’’

‘‘तुला निखारे कळत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भट्टी कुठून आणणार आहेस? हे धोंडसासारखं करायला हवं, खाली निखारे, वर निखारे. खालचे जरा जास्त झाले की तळाला करपलं. मी करते.’’

काकडी किसून, रवा-गूळ घालून केलेलं धोंडस त्यांच्या हातचं खरोखर नाव घेण्यासारखं असे. त्यांनी रताळी भाजली, सोलली, कुस्करली. घरचं लोणी घातलं. डबा मी फोडला. आतला पिवळा गोळा बघून काकूंनी नाक आवळलं, पण बोटांनी त्याचे तुकडे केले. अर्धा डबा घेतला, अर्धा झाकून ठेवला. मग त्यांनी मिठाच्या सटात हात घातला.

‘‘काकू, थांबा,’’ मी म्हटलं. ‘‘मी जरा चाखते. आपल्याला ह्याची सवय नाही.’’

त्या अशा वळल्या की मी दोन पावलं मागे सरले. ‘‘माझ्या सुनेला तुझं उष्टं घालू? दोन वेळा जे झालं ते झालं, या खेपेला मला कुठे बोट ठेवायला जागा नकोय. बाटवायचा तेवढा मी हात बाटवलाय. मीठ माझ्या हाताला कळतं.’’ त्यांनी पातेल्यावर वाकून वास घेतला. त्या वासात त्यांना काय कळणार होतं? असला वास त्यांच्या नाकात कधी गेलाच नव्हता. तरी त्यांनी रताळ्यांच्या मानाने, अंदाजाने, नेहमीसारखं मीठ घातलं.

पाऊण तासाने वरचे निखारे काढले तेव्हा पापुद्रा छान लाल झाला होता. वास घरात गेला आणि हेमा आपण होऊन उठून बसली. कित्येक दिवसांत ती उठली नव्हती. काकूंनी ताटली तिच्या हातात दिली आणि समोर बसल्या. मी दारात. हेमाने पहिला घास घेतला. तिचा चेहरा बदलला, पण सासू डोळे लावून बसली होती, म्हणून तिने गिळला. दुसराही गिळला. तिसऱ्याला तिने घमेलं ओढलं. घास गेले, पाणी गेलं, आणि शेवटी काही उरलं नाही तेव्हा रक्ताची एक रेघ आली. ती आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, ‘‘आई, आता पुरे. मला काही देऊ नका.’’

मी दारातूनच हात लांब करून ताटली घेतली, बाहेर आणली आणि एक बोट तोंडात घातलं. मिठागराचं पाणी. मी थुंकून टाकलं.

काकू मागोमाग आल्या. ‘‘काय झालं? करपलं का?’’

‘‘खारट झालंय,’’ मी म्हटलं. ‘‘खारट कसलं, नुसतं मीठ झालंय.’’

‘‘शक्य नाही.’’

‘‘शक्य नाही काय? ते चीजच खारट आहे! मी चाखते म्हणाले होते तुम्हाला!’’ माझा तोल गेला, आणि तो गेल्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. ‘‘तुमच्या सोवळ्यापायी जाईल ती पोर. मग बसा वाफ हुंगत. सत्तावीस वर्षं मीठ चुकलं नाही म्हणे! हे काय झालं मग?’’

त्या विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसल्या. मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आपल्या उजव्या हाताकडे बघत बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘माझ्या हातून मारली मी तिला.’’ दुपारचे दोन वाजले होते. बुधवारची सकाळ फार लांब नव्हती. मला रडू यायला लागलं, आणि राग कुठल्या कुठे गेला.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. ‘‘डब्यात अर्धं आहे ना?’’

‘‘आहे. रताळीही आहेत चार.’’

‘‘तू आत जा. हेमापाशी बस.’’

‘‘काकू, आता तरी मला...’’

‘‘आत जा म्हणते ना. ती एकटी आहे. काही झालं तर हाक मार.’’

मी आत गेले. म्हणजे उंबरा ओलांडला. तो ओलांडल्याचं त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही नंतरच आलं. हेमा डोळे मिटून पडली होती. मी ओल्या फडक्याने तिचे ओठ टिपत होते. मागच्या खिडकीतून शेगडीवर पंखा मारल्याचा आवाज यायचा, मग पातेल्यात पळी फिरल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग विहिरीवर कुणीतरी चूळ भरत होतं. एकदा, दोनदा, तीनदा, थांबायचंच नाव नाही. कोण एवढ्या चुळा भरतंय, असं माझ्या मनात आलं आणि गेलं.

चार वाजून गेले असतील. काकू ताटली घेऊन आल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. हेमाने मान हलवली, ‘‘नको, आई.’’

‘‘एक घास,’’ काकू म्हणाल्या. ‘‘नाही आवडला तर पुन्हा कधी म्हणणार नाही. हेमा, मी पाया पडते तुझ्या.’’

सासूने असं म्हटल्यावर ती बिचारी काय करणार? मी तिला पाठीमागून आधार दिला. काकूंनी वरचा लाल पापुद्रा मोडून, खालचं मऊ रताळं घेऊन तिच्या तोंडात घातलं. तिने ते बराच वेळ तोंडात धरलं. मी घमेलं पायाने जवळ ओढलं. मग तिने गिळलं आणि डोळे उघडले.

‘‘अगदी मेरीआंटींसारखं,’’ ती म्हणाली. दुसरा घास तिने आपण होऊन घेतला. मग थांबली. ‘‘मीठ बरोबर झालंय.’’ ती मान मागे वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘वासंतीताई, तुम्ही चाखलंत ना?’’

‘‘मी?’’ मी म्हटलं. ‘‘मी तर दोन तास इथेच बसलेय.’’

मग आम्ही दोघींनी एकदमच काकूंकडे पाहिलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. ताटलीतलं रताळं चमच्याने सारखं करत म्हणाल्या, ‘‘जेव. गार होतंय.’’

हेमाचे डोळे वाहायला लागले आणि ती रडत रडत खात राहिली. सहा घास खाल्ले. त्यानंतरचा तास कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. तिने कूस बदलली तरी काकू घमेल्याला हात घालायच्या. पाच वाजले, साडेपाच वाजले. हेमाने पाणी मागितलं, प्यायली, आणि तेही राहिलं. मग तिला झोप लागली, साधी, घोरणारी झोप. बुधवारी डॉक्टर आले आणि त्यांनी ठाण्याचं नाव काढलं नाही. पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत, डिमेलोबाईंच्या भावाकडून आणखी दोन डबे मागवावे लागले, पण श्रावणात हेमाला मुलगी झाली. काकूंनी त्याआधीच लोकांकडचे स्वयंपाक सोडले होते. पितरांचं अन्न आता आपल्या हातून नको, एवढंच त्या मला एकदा म्हणाल्या.

मला सांगायची आहे ती त्या मंगळवारची संध्याकाळ. दिवेलागण झाली होती. मी घरी येऊन चूल पेटवत होते, तेवढ्यात काकूंची हाक आली. बाहेर येऊन बघते तर त्या त्यांच्या दाराबाहेर उभ्या. डोक्यावरून न्हायलेल्या, केस ओले, अंगावर धुतलेलं पातळ. इतकं करूनही त्या देवांपाशी गेल्या नव्हत्या.

‘‘वासंती, हातपाय धुऊन ये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या देवांपुढे दिवा लावायचा राहिलाय. तेवढा लाव.’’

मी म्हटलं, ‘‘काकू, आमच्याकडे काल रात्री बोंबील होते.’’

‘‘असू देत,’’ त्या म्हणाल्या.

मी हातपाय धुतले आणि आत गेले. देव्हारा लहानसाच होता, पितळेचा, लख्ख घासलेला. वात त्यांनी सकाळीच वळून ठेवली होती. दोन काड्या वाया गेल्या. तिसरीने दिवा लागला. मी मागे वळून बघितलं तेव्हा काकू उंबऱ्याबाहेर हात जोडून उभ्या होत्या, चार वर्षं त्या मला जिथे उभी करायच्या, तिथेच.